‘सामाईक म्हणजे कुणाचंच नाही’ हे कोणी शिकवलं?



गेल्या महिन्यात आमच्या पाड्यावर ग्रामसभा झाली. विषय वनहक्काच्या दाव्यांचा. प्लॉटचे, म्हणजे वैयक्तिक दावे भरायला सगळे पुढे. कुणी जुनी दंडाची पावती आणली, कुणी गार्डाने केलेल्या केसचा कागद आणला, कुणी म्हाताऱ्या बापालाच जबानीसाठी आणून बसवला. चांगली गोष्ट आहे. पण सामूहिक दाव्याचा विषय निघाला तेव्हा निम्मी माणसं तंबाखू मळत उठून गेली. आमच्यातलाच एक शिकलेला पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, “काका, ते सामूहिक राहू द्या. सामाईक म्हणजे कुणाचंच नाही. माझ्या नावावर किती येतं तेवढं बोला.”

कोपऱ्यातून एक म्हातारी बोलली, “मग मोहाचं झाड कुणाच्या नावावर हाय रं?” सगळे हसले. पण पोराच्या बोलण्यावर माना डोलावणारे जास्त होते, हेही मी पाहिलं. मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. हेच वाक्य मी तालुक्याच्या साहेबाच्या तोंडून ऐकलं होतं. कॉलेजच्या पुस्तकातही वाचलं होतं. म्हणून नंतर बसून शोधलं, की हे वाक्य येतं कुठून.

हा विचार जगात जुना आहे. पण आज तो ज्या रूपात साहेबांच्या आणि पुस्तकांच्या तोंडी आहे, ते रूप बरंचसं अमेरिकेत घडलेलं आहे. तिथल्या इतिहासात घडलं, तिथल्या आदिवासींच्या जमिनीवर घडलं. म्हणून आज थोडं लांब जाऊ. फिरून आपल्या ग्रामसभेतच यायचं आहे.

गोऱ्यांचे १६० एकर

अमेरिकेत सरकार आणि समाज यावर वाद सुरू झाला, मग तो दवाखान्याचा असो, कराचा असो, गरिबाला मदत देण्याचा असो, की एक चित्र हमखास पुढे येतं. एक गोरा शेतकरी. हातात कुऱ्हाड, सोबत बायकापोरं, समोर ओसाड माळ. त्याने घर बांधलं, जमीन फोडली, कुणाकडे हात पसरला नाही. मग त्याचा पणतू म्हणतो, “आमच्या माणसाने स्वतःच्या हिमतीवर केलं. सरकारने मध्ये पडू नये. ज्याला जमत नाही तो आळशी.”

चित्र छान आहे. पण त्यातून दोन गोष्टी पुसून टाकल्या आहेत.

पहिली, ती जमीन दिली कोणी? सरकारने. १८६२ साली होमस्टेड कायदा झाला. कुटुंबाला १६० एकर. पाच वर्षं राहायचं, कसायचं, थोडी फी भरायची, की जमीन नावावर. आपल्या वनहक्क कायद्यात जास्तीत जास्त चार हेक्टर मिळतात. हे त्याच्या सोळा पट झालं. त्या कायद्याखाली पुढे सगळी मिळून २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. साडेतीन महाराष्ट्र बसतील इतकी. म्हणजे ‘सरकारकडून काही घेतलं नाही’ म्हणणाऱ्याच्या घराचा पायाच सरकारने दिलेला.

दुसरी, ती जमीन ओसाड होती का? नव्हती. तिथे शेकडो जमाती राहत होत्या. शिकार करत होत्या, मासे धरत होत्या, मका पिकवत होत्या. गोरे त्यांना ‘रेड इंडियन’ म्हणत. त्यांना सैन्याने हटवलं, करारात बांधलं, आणि मग करार मोडले. १८२३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकालच दिला, की ज्या युरोपियन राजाने हा मुलूख ‘शोधला’, मालकी त्याची, आणि पुढे ती अमेरिकन सरकारची. आदिवासींना फक्त राहण्याचा हक्क. आपल्या तलाठ्याच्या भाषेत सांगायचं तर वहिवाट तुमची, मालकी आमची. गंमत अशी, की तो खटला दोन गोऱ्या पक्षांमधला होता. ज्यांच्या जमिनीचा निकाल लागला ते आदिवासी खटल्यात पक्षकारही नव्हते.

हे ऐकून तुम्हाला काही आठवलं का? पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्याला एका सकाळी ‘अतिक्रमणदार’ म्हणतात, ते याच जातीचं गणित आहे.

आदिवासींचे प्लॉट

इथपर्यंत सरळ लूट होती. पुढची लूट सुधारणेच्या नावाने झाली. आपल्यासाठी हाच भाग महत्त्वाचा आहे.

१८८० नंतर बहुतेक जमाती राखीव मुलखात कोंडल्या गेल्या होत्या. तरी तिथे जमीन जमातीची होती. कुणा एकाची नव्हती. तेव्हा अमेरिकेत काही भली माणसं होती. त्यांना आदिवासींचं कल्याण करायचं होतं. त्यातले एक सिनेटर हेन्री डॉज. १८८५ साली अशा भल्या लोकांच्या एका परिषदेत ते चेरोकी जमातीबद्दल बोलले. त्यांच्या सांगण्याचा अर्थ असा, की या लोकांत घर नसलेलं कुटुंब नाही, भिकारी नाही, जमातीच्या डोक्यावर कर्ज नाही. पण एक दोष आहे. जमीन सामाईक आहे. म्हणून शेजाऱ्यापेक्षा आपलं घर चांगलं करावं असा स्वार्थ त्यांच्यात नाही, आणि स्वार्थ तर सुधारणेचा पाया!

पुन्हा वाचा, साथींनो. कुणी उपाशी नाही, कुणी कर्जबाजारी नाही, हे मान्य. आणि तरी दोष.

त्या डॉजसाहेबांच्या नावाचा कायदा १८८७ साली झाला. जमातीची जमीन मोजायची, तुकडे पाडायचे. कुटुंबप्रमुखाला १६० एकर, एकट्या सज्ञान माणसाला ८०. पंचवीस वर्षं सरकार विश्वस्त, तोवर विकता येणार नाही. आणि सगळ्यांना वाटून जी उरेल ती ‘जादा’. ती जादा जमीन गोऱ्यांना खुली. शिकारीचा माळ, कंदमुळांची जागा, नदीकाठ, पुरलेल्या पूर्वजांची जागा, ज्यावर कुणा एकाचं नाव बसत नव्हतं ते सगळं ‘जादा’ झालं. सामाईक म्हणजे कुणाचंच नाही, आणि कुणाचंच नाही म्हणजे ज्याला हवं त्याचं!

पुढे पंचवीस वर्षांचा धीरही धरला नाही. एकोणीस वर्षांनी, १९०६ साली, कायदा बदलला. साहेबाने एखाद्या आदिवासीला ‘लायक’ ठरवलं, की त्याला लगेच पूर्ण मालकी. ऐकायला मान वाढल्यासारखं वाटतं. पण पूर्ण मालकीबरोबर जमिनीचा कर आला. कर थकला की लिलाव. सावकार आणि दलाल दारात उभेच होते.

१९१६ च्या सुमाराला तर या ‘लायकी’चा सोहळा करायचे. आदिवासी माणसाच्या हातात धनुष्य द्यायचं आणि म्हणायचं, हा तुझा शेवटचा बाण, मार. मग नांगरावर हात ठेवायला लावायचं, की आता तू गोऱ्यासारखा जगणार. मग हातात पैशाची पिशवी, की आता पैसा राखून ठेव. छातीवर झेंड्याचा बिल्ला. टाळ्या. त्या पिशवीत पुढे किती जणांच्या जमिनीचे पैसे आले आणि किती दिवस टिकले, ते हिशोबावरून कळतं. १८८७ साली जमातींच्या हाती सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ साली हा प्रकार बंद केला तेव्हा उरली सुमारे ४ कोटी ८० लाख. सत्तेचाळीस वर्षांत नऊ कोटी एकर गेली. आपल्या अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा जास्त. गोळी न झाडता. मोजणीची साखळी, नकाशा आणि सही-अंगठ्यावर.

हे चुकून झालं असं समजू नका. १९०१ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी संसदेला दिलेल्या संदेशात या कायद्याचं कौतुकच केलं होतं. जमातीच्या एकगठ्ठा समाजाचं पीठ करून टाकणारं मोठं यंत्र, अशा अर्थाचे त्यांचे शब्द आहेत. म्हणजे जमीन फोडायची ती माणसांची एकी फोडायला.

ज्यांचे प्लॉट वाचले त्यांचं काय झालं? खातेदार मेला, चार पोरांची नावं लागली. पोरांची पोरं झाली, वीस नावं लागली. आज तिथे एकेका तुकड्यावर शेकडो वारसांची नावं आहेत, आणि कुणालाच ती जमीन धड कसता येत नाही. आपल्या सातबाऱ्यावर पाचपन्नास नावांची रांग पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. सरकार विश्वस्त म्हणून त्या जमिनी भाड्याने देत होतं, त्यातलं तेल आणि लाकूड विकत होतं. पण पैशाचा हिशोब धड ठेवत नव्हतं. १९९६ साली ब्लॅकफीट जमातीच्या एलुईझ कोबेल या बाईने लाखो खातेदारांच्या वतीने सरकारवर दावा ठोकला. तेरा वर्षं भांडून २००९ साली ३४० कोटी डॉलरची तडजोड झाली. १८८७ च्या ‘सुधारणे’ची निस्तरणी शंभराहून जास्त वर्षं चालली आहे.

माणूस नसलेलं जंगल

अमेरिकेतून निघालेली दुसरी कल्पना आपल्या आणखी जवळ येऊन बसली आहे. खरं जंगल म्हणजे ज्यात माणूस नाही ते.

१ मार्च १८७२ रोजी अमेरिकेने यलोस्टोन हा सुमारे २२ लाख एकरांचा मुलूख राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केला. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याचं नाव घेतात. पण ते रिकामं नव्हतं. शोशोनी जमातीचे लोक तिथे डोंगरी मेंढ्यांची शिकार करून राहत. क्रो, बॅनॉक आणि इतर जमाती येत-जात. तिथल्या काळ्या काचेसारख्या दगडाची हत्यारं शेकडो मैल लांब सापडली आहेत, इतका जुना माणसाचा वावर. त्या लोकांना बाहेर काढलं. वर सांगत सुटले, की आदिवासी इथल्या उकळत्या पाण्याच्या कारंज्यांना भुतं समजून घाबरतात, ते इथे कधी येतच नव्हते. १८८६ ते १९१८ पर्यंत त्या उद्यानाची राखण सैन्य करत होतं. म्हणजे आधी लोक काढले, मग म्हणाले जंगल किती निर्मळ आहे, इथे कधी माणूस नव्हता!

१९६४ साली तिथे एक कायदा झाला. त्यात अस्सल रानाची व्याख्याच अशी केली, की जिथे माणूस पाहुणा म्हणून येतो, राहत नाही. शहरातून गाडीने येणाऱ्याला ही व्याख्या बरोबर बसते. जिचं घरच तिथे आहे तिने काय करायचं? स्वतःच्या अंगणात पाहुणी व्हायचं?

आपल्या देशात जंगलाला पहिलं कुलूप इंग्रजांनी लावलं. १८७८ चा आणि १९२७ चा वन कायदा त्यांचा. ते खापर अमेरिकेवर फोडू नये. इंग्रजाला साग हवा होता, रेल्वेचे स्लीपर हवे होते. पण १९७२ साली आपल्याच सरकारने वन्यजीव संरक्षण कायदा केला आणि त्यात ‘राष्ट्रीय उद्यान’ आणलं, जिथे कुणाचा हक्क शिल्लक ठेवायचा नाही. तो साचा यलोस्टोनचा. पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं. तिथल्या कोरकू गावांना उठण्याच्या नोटिसा का येतात याचा एक धागा १८७२ च्या यलोस्टोनपर्यंत जातो. रामचंद्र गुहा या अभ्यासकाने १९८९ सालीच लिहून ठेवलं, की अमेरिकेतला हा रानाचा विचार आपल्यासारख्या देशात आणला तर गरिबाची जमीन जाते आणि श्रीमंताला सहलीची जागा मिळते.

वाघ राहिला पाहिजे, याला आपला विरोध नाही. वाघोबाला आपण देव मानतो, त्याची लाकडी मूर्ती आपल्या शिवेवर उभी आहे. प्रश्न एवढाच आहे, की वाघ आणि आदिवासी इतकी शतकं एका रानात राहिले, तर आज त्यातला एकच राहू शकतो हे ठरवलं कोणी?

गायरानाची गोष्ट आणि तिचं उत्तर

आता त्या पोराच्या वाक्याकडे येऊ. १९६८ साली अमेरिकेतला जीवशास्त्राचा एक प्राध्यापक, गॅरेट हार्डिन, याने एक लेख लिहिला. त्यात एक गोष्ट आहे. एक गायरान आहे, सगळ्यांना खुलं. प्रत्येक गुराखी म्हणतो, मी आणखी एक गाय सोडली तर फायदा माझा, नुकसान सगळ्यांत वाटलं जाईल. सगळे असंच म्हणतात. गायरान संपतं. म्हणून सामाईक गोष्ट टिकत नाही, ती एकतर खाजगी करा नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. हा लेख जगभरच्या कॉलेजात शिकवला गेला. आपल्या अधिकाऱ्यांनीही तोच शिकला.

आपल्यातल्या कोणत्याही गुराख्याला यातली खोट लगेच दिसेल. हार्डिनच्या गायरानात गावच नाही! गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत, पंच नाही, दंड नाही, राखणीची पाळी नाही. असं गायरान आपण पाहिलंय का? पाहिलंय. जिथे गावाचा हक्क काढून घेतला आणि सरकारचा आला, तिथे. खातं ठेकेदाराला कूप देतं, रात्री ट्रक भरून जातो, मग गावचा माणूसही म्हणतो, ‘जातंच आहे तर माझ्या घराला चार वासे मीही आणतो.’ त्या पोराने लहानपणापासून हेच पाहिलं. म्हणून तो म्हणतो सामाईक म्हणजे कुणाचंच नाही. त्याचं पाहणं खोटं नाही. पण त्याने पाहिलं ते सामाईक नव्हतंच. ते गावाकडून हिसकावलेलं होतं. खुद्द हार्डिनने पुढे मान्य केलं, की ‘व्यवस्था नसलेलं सामाईक’ असं म्हणायला हवं होतं.

याचं उत्तरही अमेरिकेतूनच आलं, हे सांगितलं पाहिजे. एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईने आयुष्यभर हाच अभ्यास केला. स्वित्झर्लंडचं डोंगरी कुरण, जपानच्या गावांची जंगलं, स्पेनचे आणि फिलिपिन्सचे पाटपाण्याचे संघ. तिला दिसलं, की लोकांनी शेकडो वर्षं सामाईक गोष्टी राखल्या आहेत. कधी? हद्द ठरलेली असली, वाटेकरी कोण ते ठरलेलं असलं, नियम त्यांनीच केलेले असले, राखण करणारा त्यांच्यातला असला, दंड लहानापासून सुरू होत असला, आणि बाहेरच्या सरकारने त्यांचा नियम करण्याचा हक्क मानला असला तर. २००९ साली तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळालेली ती पहिली बाई. आपल्या म्हातारीने एका वाक्यात विचारलं तेच तिने पुस्तकात सिद्ध केलं.

ज्यांनी वाटणी नाकारली

अमेरिकेतच एक जमात आहे, मेनॉमिनी. विस्कॉन्सिन राज्यातली. तिच्याकडे सुमारे २ लाख ३५ हजार एकरांचा मुलूख आहे, बहुतेक जंगलच. डॉज कायद्याच्या काळात शेजारपाजारच्या जमातींच्या जमिनींचे तुकडे झाले. मेनॉमिनींनी आपलं जंगल वाटू दिलं नाही. त्यांच्यात एका जुन्या सरदाराची शिकवण सांगतात. उगवतीकडून तोडायला सुरुवात करा, मावळतीकडे जा, पिकलेलं आणि आजारी झाडच घ्या, टोकाला पोचाल तेव्हा मागे पुन्हा रान वाढलेलं असेल. त्यांची स्वतःची लाकूड गिरणी आहे. दीडशे वर्षं ते झाडं तोडून विकत आहेत, आणि आज त्यांच्या जंगलात उभं लाकूड सुरुवातीपेक्षा जास्त आहे.

पण त्यांनाही सोडलं नाही. सरकारी खात्याने त्यांच्या जंगलाची नासाडी केली म्हणून त्यांनी दावा केला होता. तो १९५१ साली जिंकले, ८५ लाख डॉलर मंजूर झाले. पैसे हातात मागितले तेव्हा आर्थर वॉटकिन्स नावाच्या सिनेटरने अट घातली, की आधी जमात म्हणून असलेला तुमचा दर्जा सोडा. १९५४ साली तसा कायदा झाला. या धोरणाला तो ‘मुक्ती’ म्हणायचा. काळ्या गुलामांची सुटका झाली तशी आता आदिवासींची सरकारच्या पालकत्वातून सुटका, असं त्याचं म्हणणं. १९६१ पासून जमात संपली, कंपनी आली. कर आला. दवाखाना बंद पडला. जमातीची शिल्लक आटली. पैसा उभा करायला तळ्याकाठचे प्लॉट पाडून बाहेरच्या लोकांना बंगल्यासाठी विकायला काढले.

तेव्हा त्यांचे लोक, विशेषतः बाया आणि तरुण, संघटित झाले. मोर्चे काढले, विक्रीच्या जागी निदर्शनं केली. एडा डीअर ही त्यांच्यातलीच एक बाई राजधानीत ठाण मांडून बसली. डिसेंबर १९७३ मध्ये सरकारला कायदा फिरवावा लागला. जमात पुन्हा मान्य झाली, जंगल पुन्हा जमातीचं झालं. विकलेले प्लॉट मात्र गेले ते गेले.

मुक्ती कुणाची?

हे सगळं वाचून अमेरिका म्हणजे सगळी वाईट असं कुणी समजू नका. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. का? कारण त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी औदार्य दाखवलं. इथल्या शूद्रातिशूद्रांनाही आपल्या बांधवांनी तसंच सोडवावं, ही फुल्यांची आशा होती. बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून. महाराष्ट्राने अमेरिकेकडून घेतलं आहे, पण पारखून घेतलं आहे. फुल्यांनी मुक्ती घेतली ती साखळी तोडणाऱ्यांची. वॉटकिन्सने मुक्ती हाच शब्द वापरला, पण जंगल सोडवून घ्यायला. शब्द एकच. म्हणून कुणी ‘मुक्त करतो’, ‘पूर्ण मालक करतो’, ‘मुख्य प्रवाहात आणतो’ म्हणालं, की आपण एकच विचारायचं: यात सुटणार कोण, आणि सुटणार काय? माणूस सुटणार, का त्याच्या हातातली जमीन?

आपल्या दाव्यांचं काय?

आता ग्रामसभेत परत येऊ.

प्लॉटचा दावा भरू नका असं मी म्हणत नाही. नावावर कागद नसला की गार्ड कसा वागतो, पीक कसं उपटतो, कोंबडं कसं नेतो, हे आपण भोगलंय. प्लॉट आपल्या रक्ताने राखला आहे. तो नवरा-बायको दोघांच्या नावावर झालाच पाहिजे. आणि आपला २००६ चा कायदा डॉजच्या कायद्यासारखा नाही. आपला हक्क वारसाला मिळतो, पण विकता येत नाही. ही अट आपल्याला कमी लेखायला नाही, आपल्या राखणीला आहे. उद्या कुणी येऊन म्हणेल, ‘विकताच येत नाही, गहाण ठेवता येत नाही, मग कसली मालकी? आम्ही तुम्हाला खरे मालक करतो.’ तेव्हा १९०६ साल आठवा. लायकीचा सोहळा आठवा. शेवटचा बाण आणि पैशाची पिशवी आठवा.

पण फक्त प्लॉटचा दावा भरून थांबलो, तर काय होईल? आपल्या नावाचे तुकडे सोडून बाकीचं सगळं रान ‘जादा’ ठरेल. त्यावर खात्याचं कुंपण येईल, खाणवाला येईल, कंपनीची झाडं येतील. मोह, तेंदूपान, बांबू, हिरडा, कंद, चराई, ओढ्यातले मासे, गावदेवाचं रान, मसणवट, यातलं काहीही कुणाच्या प्लॉटमध्ये बसत नाही. निम्मं घर त्यावर चालतं. बायांना विचारा, त्या जास्त बरोबर सांगतील. आणि ज्याच्याकडे प्लॉटच नाही, त्याच्याकडे तर तेवढंच आहे.

आपल्या कायद्यात सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. गौण वनोपज, चराई, मासे, आणि सगळ्यात मोठा हक्क म्हणजे पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे नियम करण्याचा. ऑस्ट्रॉमबाई म्हणते ती शेवटची अट हीच. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने तो २००९ साली मिळवला, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. तेही आपल्यासारखंच गाव आहे, गोंडांचं.

तेव्हा कामं अशी:

एक. प्रत्येक पाड्याने वैयक्तिक दाव्यांबरोबर सामूहिक दावाही भरायचा. ‘आधी प्लॉट होऊ दे, मग बघू’ असं म्हणायचं नाही. मोजणी आधी तुकड्यांची झाली तर उरलेलं कुणाचं, हा प्रश्न दुसरे सोडवतील.

दोन. म्हाताऱ्या-कोताऱ्यांना घेऊन शिवार फिरायचं. शिव कुठली, देव कुठला, गुरांची वाट कुठली, कुठल्या ओढ्यापर्यंत आपलं रान, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यायचं. गावातल्या वडीलधाऱ्यांची लेखी जबानी हा कायद्याने पुरावा आहे. ती माणसं गेली की पुरावा गेला. शेजारच्या गावाशी हद्दीवर वाद असेल तर दोन्ही गावांनी बसून मिटवायचा, साहेबाला न्यायाधीश करायचं नाही.

तीन. नियम आताच करायचे, हक्काचा कागद येण्याची वाट न बघता. कुठलं झाड तोडायचं नाही, वणवा लागला तर कोण धावणार, राखणीची पाळी कुणाची, दंड किती. पहिला दंड लहान ठेवा, पण वसूल करा. पुढाऱ्याच्या घरच्यालाही सोडू नका. ज्या गावाला नियम नाहीत, त्याच्यापुरती हार्डिनची गोष्ट खरी ठरेल, आणि साहेबाला बोट दाखवायला जागा मिळेल.

चार. ही चर्चा बायांशिवाय करायची नाही. वनहक्क समितीत त्या नावापुरत्या बसतात, असं अनेक पाड्यांवर दिसतं. मेनॉमिनींचं जंगल परत आणायला त्यांच्या बाया पुढे होत्या, हे विसरू नका.

त्या पोरावर माझा राग नाही. तो आपलाच आहे, शिकला आहे, उद्या दाव्याचा नकाशा तोच काढणार आहे. त्याला एवढंच सांगायचं आहे: बाबा, सामाईक म्हणजे कुणाचंच नाही, हे वाक्य तू पुस्तकात वाचलंस. पण ते वाक्य आधी दुसऱ्या आदिवासींवर वापरून झालं आहे. त्यांची नऊ कोटी एकर जमीन त्या वाक्याखालून गेली. आपल्याकडे सामाईक म्हणजे सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांनी राखायचं.

पुढची ग्रामसभा अमावास्येनंतरच्या पहिल्या बाजाराच्या आदल्या दिवशी आहे. तंबाखू आत बसूनच मळू. सामूहिक दावा वाचून दाखवेपर्यंत कुणी उठायचं नाही.

जिंदाबाद!